प्रयोगातली मुलं कुठल्या गटात घालायची, हे ठरवायचं कुणी?

सायली_मानस

नमस्कार मंडळी. वाचक जुनी, धागा पहिलाच, तेव्हा सांभाळून घ्या.

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी छोटा प्रयोग करायचाय. पाठांतर करताना मागे गाणी (शब्दांची, नुसतं संगीत नव्हे) चालू असतील तर लक्षात राहण्यात काय फरक पडतो? २० शब्दांची यादी तीन मिनिटं पाठ करायची, मग मिनिटभर शंभरापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायचं आणि मग आठवतील तितके शब्द कागदावर लिहायचे. अर्धी मुलं शांततेत पाठ करणार, अर्धी गाण्यात. एफ.वाय.ची ४० मुलं तयार आहेत. पुस्तकात त्यांना 'प्रयुक्त' म्हणतात, मी मुलंच म्हणते.

घोडं अडलंय एकाच ठिकाणी. कुठली २० शांततेत आणि कुठली २० गाण्यात? सर म्हणाले, सोपं आहे, अ तुकडीला शांतता, ब तुकडीला गाणी. मैत्रीण म्हणते, आधी येतील ती २० एकीकडे घाल. एक सीनियर म्हणाली हजेरीपटावरचे सम-विषम नंबर घे. भाऊ इंजिनियर, तो म्हणाला नाणं उडव आणि मोकळी हो. मला स्वतःला वाटतंय की बारावीचे मार्क बघून दोन्ही गट नीट सारखे करून घ्यावेत. उगाच नशिबावर कशाला सोडायचं?

पुस्तकात 'यादृच्छिक (म्हणजे रँडम) पद्धतीने वाटप करावे' एवढं एक वाक्य आहे. कसं, ते नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

ताकभात

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

तळ्यात_मळ्यात

सायली, संख्याशास्त्र शिकवून पोट भरतो, म्हणून जरा लांबण लावतो.

सरांची माफी मागून सांगतो, तुकड्यांचा सल्ला सगळ्यात वाईट. बऱ्याच कॉलेजांत तुकड्या मार्कांवरून पडतात, नाहीतर विषयांवरून. समजा शांततेतल्या मुलांना दोन शब्द जास्त आठवले. ते शांततेमुळे, की अ तुकडी मुळातच तयारीची म्हणून, की ब तुकडीला तू दुपारी डबा खाल्ल्यावर बसवलंस म्हणून? हा गुंता नंतर कुठल्याही आकडेमोडीने सुटत नाही. कागदावर ४० मुलं दिसतात, पण खरं तर तू दोनच वस्तूंची तुलना करत असतेस: एक तुकडी आणि दुसरी तुकडी.

आधी येणारी २० हेही तसंच. वेळेच्या आधी हजर असणारी पोरं आणि 'मॅडम, बस चुकली' म्हणणारी पोरं यांच्यात फक्त घड्याळाचा फरक असतो का?

सम-विषम वरवर निर्दोष दिसतं. त्यातली मेख अशी की पुढचा मुलगा कुठल्या गटात जाणार हे तुला आधीच ठाऊक असतं. दारात १८ नंबर जांभया देत उभा आहे, तो शांततेच्या गटातला. 'तू दमलेला दिसतोस रे, उद्या ये' असं तुझ्या तोंडून जाईल. लबाडी म्हणून नाही, मायेनेच. पण ही माया दोन्ही गटांना सारखी मिळत नाही. औषधांच्या चाचण्यांत 'एक आड एक रुग्ण' हीच पद्धत चालायची आणि हाच घोळ व्हायचा. म्हणून १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत १०७ क्षयरोग्यांचं वाटप बंद पाकिटांत ठेवलं होतं. रुग्ण घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच पाकीट उघडायचं. पुढे १९९५ मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २५० चाचण्या तपासल्या, तेव्हा जिथे वाटप नीट झाकलेलं नव्हतं तिथे उपचाराचा गुण सरासरी ४१ टक्के फुगून आलेला दिसला (मोजमाप ऑड्स रेशोमध्ये, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तरात). म्हणजे चिठ्ठ्या टाकणं हे अर्धं काम. चिठ्ठीत काय आहे हे वाटणाऱ्याला न कळणं हे उरलेलं अर्धं.

नाणं प्रामाणिक आहे. पण ४० वेळा उडवून बरोबर २०-२० पडण्याची शक्यता जेमतेम साडेबारा टक्के. एका गटात २५ किंवा त्याहून जास्त जाण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या घरात. तुझ्यासारख्या छोट्या प्रयोगाला ते परवडत नाही.

मग काय? ४० सारख्या चिठ्ठ्या कर, २० वर 'शां', २० वर 'गा'. डब्यात खळखळून हलव. दुसऱ्या कुणाकडून त्या १ ते ४० क्रमांकाच्या जाड पाकिटांत भरून चिकटवून घे. जाड म्हणजे उजेडासमोर धरून वाचता येऊ नये इतकी. मूल आलं, संमतीपत्रावर सही झाली, की पुढचं पाकीट फोड. बस.

कोपरखळी

एवढा उपद्व्याप? आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. उजवं फूल पडलं की शांतता, डावं पडलं की गाणी. पाकिटांचा खर्च वाचला.

तळ्यात_मळ्यात

हसू नका, कौल चांगलं यंत्र आहे. एकच अट. मनासारखं फूल पडेपर्यंत गुरव पुन्हापुन्हा गाऱ्हाणं घालत बसता कामा नये.

निवृत्त_मास्तर

खेड्यातल्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं काढली. वरच्या मायेच्या मुद्द्यावरून एक गोष्ट आठवली, ती कबूल करून टाकतो.

एका संस्थेची माणसं आली होती. चौथीतल्या ज्या मुलांना धड वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी रोज ज्यादा तास आणि त्याचा उपयोग होतो का याची पाहणी. अशी तीस मुलं होती, चिठ्ठ्या टाकून पंधरा घेतली. दुसऱ्या दिवशी मी यादीतली दोन नावं गुपचूप बदलली. एक मुलगी ऊसतोडीच्या कुटुंबातली, दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जाणार होती. त्याआधी तिला चार ओळी वाचता याव्यात म्हणून आत घातली. दुसरा एक पोरका मुलगा. त्यांच्या बदल्यात ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी होतं अशी दोन बाहेर काढली. संस्थेला सांगितलं नाही.

आज हा धागा वाचून कळतंय की मी त्यांचा प्रयोग नासवला. पण खरं सांगू का, पुन्हा तीच वेळ आली तर हात पुन्हा त्या यादीकडेच जाईल.

दर्यावर्दी

मास्तर, तुमच्यासारखेच स्कॉटलंडातले मास्तर ९० हून अधिक वर्षांपूर्वी हेच करून बसले, आणि तो घोळ संख्याशास्त्रात अजरामर झाला. मी सध्या ग्लासगोत असतो. लॅनार्कशायर इथून शेजारीच, म्हणून हा किस्सा जरा आपुलकीने वाचला होता.

१९३० साली तिथल्या ६७ शाळांतल्या २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध. त्यातल्या निम्म्यांना कच्चं, निम्म्यांना पाश्चराइज केलेलं. उरलेल्या १०,००० मुलांची नुसती उंची-वजनं घ्यायची. कुणाला दूध मिळणार हे कुठे चिठ्ठीने ठरलं, कुठे नावांच्या अक्षरक्रमाने. इथपर्यंत ठीकच होतं.

पण शिक्षकांना एक मुभा दिली होती. एखाद्या गटात धट्टीकट्टी किंवा हडकुळी मुलं फार झाली असं वाटलं, तर अदलाबदल करून गट सारखे करा. आता मास्तर, तुम्हीच सांगा, दूध हातात आहे आणि समोर हडकुळं पोर उभं आहे, तर हात कुठे वळेल? 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारे गॉसेट (गिनेसच्या दारूभट्टीत नोकरी, दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी आपली टी-टेस्ट यांचीच) यांनी १९३१ मध्ये सगळं उलगडून दाखवलं. दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच वजनात तीन महिन्यांच्या आणि उंचीत चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. म्हणजे 'गट सारखे करा' या सूचनेनेच गट असमान केले.

त्यात आणखी एक गंमत. मुलांची वजनं कपड्यांसकट घेतली, पहिली फेब्रुवारीत, दुसरी जूनमध्ये. खात्यापित्या घरातल्या मुलांनी जाड लोकरी कपडे उतरवले होते, गरिबांकडे उतरवायला वेगळे कपडेच नव्हते. वजनवाढीत दुधाचं पारडं तेवढं फुकट जड झालं. शिवाय एकाही शाळेत दोन्ही प्रकारचं दूध दिलं नव्हतं, त्यामुळे कच्चं चांगलं की पाश्चराइज केलेलं हा वाद होता तिथेच राहिला. गॉसेट यांचं म्हणणं, वीस हजार मुलांऐवजी सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या आणि प्रत्येक जोडीत कुणाला दूध हे नाण्याने ठरवलं असतं, तर कमी पैशात जास्त पक्कं उत्तर मिळालं असतं.

निवृत्त_मास्तर

म्हणजे मी एकटा नाही. बरं वाटलं, आणि नाहीही वाटलं.

ताकभात

जेवून येईपर्यंत धागा स्कॉटलंडला पोचला! वाखु (वाचनखूण) साठवली.

सायली_मानस

दर्यावर्दी, अंगावर काटा आला, कारण मी मार्क बघून 'गट सारखे' करणार होते. पण मग जुळ्यांचं ते काय? तीही जोडी लावणंच झालं ना?

तळ्यात_मळ्यात

जोडी लावणं वाईट नाही. जोडीतल्या कुणाला काय द्यायचं हे आपण ठरवणं वाईट. आधी मार्कांवरून जवळजवळची दोन मुलं एका जोडीत बसव आणि मग प्रत्येक जोडीत नाणं उडव. असं केलंस तर तुझी हौसही फिटते आणि प्रयोगही टिकतो.

याचं अमेरिकेतलं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो. केंब्रिज आणि सॉमरव्हिल, मॅसॅच्युसेट्समधली दोन शेजारची गावं. रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये तिथे काम सुरू झालं. वाया जाण्याची भीती असलेल्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिरं असा भक्कम आधार द्यायचा. ५०६ मुलगे. वय, घर, स्वभाव असं कायकाय पाहून २५३ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला कोण मदतीच्या गटात हे नाण्यावर सोडलं. समुपदेशक सरासरी पाच वर्षं, महिन्यातून साधारण दोनदा घरी जायचे. ज्यांना मदत मिळाली त्यांना पुढे मोठेपणी विचारलं, तर दोनतृतीयांश म्हणाले, हो, फायदा झाला.

जोन मॅककॉर्ड यांनी ३० वर्षांनंतर त्या सगळ्यांचा माग काढला. निकाल आला १९७८ मध्ये. एकदा गुन्हा केलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करणारे मदतीच्या गटातच जास्त. दारूच्या आहारी जाण्याची लक्षणं त्यांच्यातच जास्त. लवकर मेलेलेही त्यांच्यातच. जोडीतल्या दुसऱ्याला काहीच दिलं नव्हतं, तो बरा राहिला.

समज, कॅबट यांच्या माणसांनी 'जास्त गरजू' मुलं मदतीच्या गटात घातली असती. मग हा निकाल बघून सगळे म्हणाले असते, अहो, ती मुळातच वाईट परिस्थितीतली होती, मदत नसती तर आणखी बिघडली असती. ही पळवाट त्या नाण्याने बंद केली.

कोपरखळी

आता मात्र मी गंभीर होतो. नाणं उडवून पोरांचं नशीब ठरवायचं, हे तुम्हाला पटतं? मास्तरांनी केलं ते मला माणुसकीचं वाटतं. तुमच्या टेबलातला आकडा सुंदर यावा म्हणून त्या ऊसतोडीच्या मुलीने अडाणी राहायचं?

मडगावची_पोळी

कोपरखळी, रास्त प्रश्न. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रकामात होते, थोडं सांगते.

सगळ्यांना पुरेल इतकं असेल तर सोडत काढायचीच नाही. पण बहुतेकदा जागा १५ आणि दारात ३०. तिथे कुणी ना कुणी बाहेर राहणारच. मग ते सरपंचाच्या ओळखीने ठरावं की चिठ्ठीने? आपल्याकडे आरटीईचे प्रवेश आणि म्हाडाची घरं सोडतीने जातात, तेव्हा आपण त्याला अन्याय म्हणत नाही. गडबड झाली असं वाटलं तरच ओरडतो.

दुसरं, वाटप असंही करता येतं की कुणीच रिकाम्या हाताने जात नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मागे पडलेल्या १५-२० मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी शाळेच्या वेळेत रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. प्रत्येक शाळेला बालसखी मिळाली, पण चिठ्ठीने ठरलेल्या निम्म्या शाळांत एका इयत्तेला, उरलेल्या निम्म्यांत दुसऱ्या इयत्तेला. तिसरीची तुलना तिसरीशी, चौथीची चौथीशी. कुठलाही मुख्याध्यापक 'आम्हाला का नाही' म्हणून भांडला नसता. गुण वाढले, पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप).

आमच्या गोव्यातली गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगते. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या 'मानस' चाचणीत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक नेमले होते. तिथे वाटप रुग्णांचं नव्हे, दवाखान्यांचं केलं: १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी डॉक्टर. कारण साधं आहे. समुपदेशक एकदा त्या इमारतीत बसला की बाकावर शेजारी बसलेल्या रुग्णापर्यंत ते पोचतंच. डॉक्टरांचं वागणं बदलतं, नर्सबाईंचं बदलतं, लोक बाहेर चहा पिताना बोलतात. एकाला द्यायचं आणि शेजारच्याला नाही, हे गावात जमत नाही. २०१० च्या निकालात सरकारी केंद्रांत स्पष्ट फायदा दिसला, खाजगीत दिसला नाही.

उलट पुढे नैराश्यासाठी जो समुपदेशनाचा कार्यक्रम १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासला, त्यात ४९५ रुग्णांचं वाटप एकेकट्याने केलं. तिथे समुपदेशन बंद खोलीत, एकेकाशी, ठरावीक बैठकांत होतं. शेजाऱ्याला त्याचा वास लागत नाही.

सायली, तुझ्या ४० मुलांना एकाच हॉलमध्ये बसवून अर्ध्यांच्या कानात हेडफोन घालणार असलीस, तर गाणी बाहेर झिरपतात का तेवढं बघ. शिवाय आधी करून गेलेली मुलं कँटीनमध्ये शब्दांची यादी सांगून टाकतात. एफ.वाय.ची आहेत ती!

कोपरखळी

सोडतीचा मुद्दा मान्य. नगरपालिकेच्या आरक्षणाच्या चिठ्ठ्या शाळेतल्या पोरांकडून काढून घेतात, त्यामागे हीच अक्कल असणार.

पण दुसरी शंका. एका कॉलेजातली ४० पोरं, तीही सायलीच्या शब्दाखातर आलेली. यात कसलं आलंय यादृच्छिक?

बेळगावी_कुंदा

मानसशास्त्र शिकवते, म्हणून ही शंका मी घेते. परीक्षेत दर दुसरा विद्यार्थी इथेच घसरतो. माणसं कुठून आणली ही एक गोष्ट, आणलेल्यांना गटांत कसं वाटलं ही वेगळी. सायलीचं वाटप नीट झालं, तर या ४० जणांत गाण्यांमुळे फरक पडला का हे कळेल. साताऱ्यातल्या साठीच्या माणसांना ते लागू होईल का, हे नाही कळणार.

स्टॅनफर्डचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग आठवा. कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे नाण्यावर ठरलं होतं, त्या वाटपात खोट नव्हती. पण माणसं आली होती 'तुरुंगातल्या जीवनाचा अभ्यास' अशी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून. २००७ मध्ये कार्नाहन आणि मॅकफार्लंड यांनी दोन जाहिराती दिल्या, एकीत तुरुंगाचा उल्लेख आणि दुसरीत नाही. तुरुंग वाचून आलेले लोक आक्रमकपणात आणि हुकूमशाही वृत्तीत वरचढ निघाले, सहानुभूतीत कमी. पाणी वाटायच्या आधी विहिरीतच वेगळं होतं.

आता वाटप चुकल्याचं आमच्या विषयातलं सगळ्यात झणझणीत उदाहरण. १९५८, जोसेफ ब्रेडी, माकडांच्या चार जोड्या. दोघांनाही विजेचा झटका एकाच वेळी बसणार, पण एकाच माकडाला कळ दाबून तो टाळता येणार. हे 'अधिकारी' माकड. चारही अधिकारी माकडं अल्सरने मेली, जोडीदार ठणठणीत. जबाबदारीच्या खुर्चीत बसलं की पोटात व्रण होतात, असं मग जगभर छापून आलं. साहेब लोकांना आवडलंच ते! पण अधिकारी कुठलं माकड, हे चिठ्ठीने ठरवलंच नव्हतं. कळ दाबायला जी पटापट शिकली ती माकडं त्या खुर्चीत बसवली. चटकन दाबणारं माकड मुळातच जास्त धास्तावणारं असू शकतं. संशोधक जे. वाइस यांनी पुढे उंदरांवर वाटप चिठ्ठीच्या तत्त्वाने केलं, आणि १९७१ पर्यंतच्या त्यांच्या निकालांत चित्र उलटं आलं: झटका टाळणं ज्यांच्या हातात होतं त्यांना व्रण कमी.

आता तुझ्या प्रयोगाबद्दल, सायली. तू दोन गट का करतेस? प्रत्येक मुलाला दोन्ही दे. एकदा शांतता, एकदा गाणी, दोन वेगळ्या याद्या. पाठांतराची ताकद माणसागणिक इतकी बदलते की गटागटांच्या तुलनेत तुझा लहानसा फरक गर्दीत हरवेल. मुलाची तुलना त्याच्याशीच केलीस तर ४० पुरतील.

तळ्यात_मळ्यात

कुंदाताई, पहिल्या यादीतच एखाद्याला युक्ती सापडली, शब्दांची गोष्ट रचायची वगैरे, तर ती दुसऱ्या यादीला तयारच मिळणार. आणि दोन्ही अनुभवल्यावर मुलांना प्रयोगाचा हेतूही कळतो.

बेळगावी_कुंदा

बरोबर, म्हणून आधी सरावाची एक यादी द्यायची. युक्ती सापडायची त्याला तिथेच सापडू दे. आणि जे राहील ते दोन्ही बाजूंना सारखं पडावं म्हणून क्रम फिरवायचा. निम्मी मुलं शांतता-गाणी, निम्मी गाणी-शांतता. याद्याही तशाच, नाहीतर सोपी यादी शांततेच्या वाट्याला गेली तर पंचाईत. दोन क्रम, दोन याद्या, चार प्रकार झाले, दर प्रकारात १० मुलं. कुठलं मूल कुठल्या प्रकारात, हे तुमच्या पाकिटांतूनच. वाटप काही सुटत नाही. आता माणसांऐवजी क्रम वाटायचे.

तू मुलांना पाठांतराची नवी पद्धत शिकवणार असतीस, तर मी हे सुचवलं नसतं. शिकलेलं पुसता येत नाही, तिथे वेगळे गटच हवेत. गाणं बंद केलं की बंद होतं.

पुढेमागे चार परिस्थिती झाल्या तर २४ क्रम होतात, ते सगळे वापरायची गरज नाही. क-ख-घ-ग, ख-ग-क-घ, ग-घ-ख-क, घ-क-ग-ख, हे चार पुरतात. यात प्रत्येक परिस्थिती प्रत्येक जागी एकदा येते आणि प्रत्येकीच्या लगेच मागे दुसरी प्रत्येक एकदाच येते. ताडून बघा.

ताकभात

ताडून बघितलं. खरंच येतं. आता झोप येत नाही.

दर्यावर्दी

अवांतर: क्रम फिरवायला पत्ते पिसण्याची युक्ती मानसशास्त्रातच फार आधी निघाली. तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स आणि त्यांचा विद्यार्थी जॅस्ट्रो यांनी १८८४ च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्समध्ये, अगदी थोड्या फरकाची वजनं हाताला ओळखू येतात का हे तपासलं. वजन आधी वाढवायचं की कमी करायचं हे पिसलेल्या पत्त्यांवरून ठरवायचे, म्हणजे समोरच्याला अंदाज बांधता येऊ नये. संख्याशास्त्रज्ञ फिशर शेतीच्या प्रयोगांत हा विचार घेऊन आले ते त्यानंतर चाळीसेक वर्षांनी.

कोपरखळी

आणि मिलग्रॅमची चिठ्ठी विसरलात? हुकूम मिळाला म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे झटके देतो का, हे बघणारा तो प्रयोग. १९६१, येल. कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी हे ठरवायला दोन चिठ्ठ्या, दोन्हींवर 'शिक्षक'च लिहिलेलं. दुसरा माणूस त्यांचाच, तो आपल्या चिठ्ठीवर 'विद्यार्थी' आहे म्हणून सांगायचा. सायली, पाकिटं कोण भरतंय यावर लक्ष ठेव.

उनाड_पाऊस

माझा प्रयोग गुगल फॉर्मवर आहे. तिथे पाकिटं कशी फोडू?

तळ्यात_मळ्यात

जन्मतारीख सम की विषम असा प्रश्न घालून पुढे दोन वाटा करतात, चालून जातं. बघ फक्त, मागे जाऊन दुसरी वाट धरता येते. खरा धोका पुढे आहे. एका गटाचं काम कंटाळवाणं असलं तर लोक मधेच सोडून जातात, आणि सोडणारे दोन्हीकडे सारखे नसतात. झोउ आणि फिशबाख यांनी २०१६ मध्ये मुद्दाम गंमत केली. ऑनलाइन एका गटाला डोळ्यांत आयलायनर लावतोय अशी कल्पना करायला सांगितलं, दुसऱ्याला दाढीनंतरचं क्रीम. आयलायनरवाल्यांचं वजन कमी भरलं! झालं एवढंच, की त्या गटातून पुरुष निघून गेले. किती आले आणि किती टिकले, हे दोन्ही आकडे गटवार लिही.

सायली, एक्सेलने करणार असलीस तर =रँड() चा रकाना घालून त्यावर क्रम लावता येतो. पण ते आकडे शीटला हात लागला की बदलतात. आधी 'व्हॅल्यूज' म्हणून पेस्ट कर, नाहीतर सकाळी वेगळी यादी आणि संध्याकाळी वेगळी.

सायली_मानस

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी परत येतेय, म्हणून आधी सॉरी.

सरांना कुंदाताईंची रचना दाखवली. आधी म्हणाले, तुकड्या काय वाईट होत्या? मग मी माकडांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'आम्ही ही गोष्ट अर्धीच शिकवत होतो.' नंतर मात्र हट्ट धरला की मुलांच्या बारावीच्या मार्कांवर चारही प्रकारांत फरक नाही अशी टेस्ट लाव.

पाकिटं भावाने भरली. यादी त्याच्याकडेच होती, मला शेवटपर्यंत दाखवली नाही. ४० पैकी ३८ मुलं आली. १७ नंबरच्या पाकिटाला एक मुलगी म्हणाली, 'ताई, आज डोकं दुखतंय, गाणी पहिली नकोत ना.' मास्तर, शपथ सांगते, हात पुढच्या पाकिटाकडे गेला होता. मग तिला विचारलं, दुसऱ्या दिवशी येतेस का. ती 'हो' म्हणाली आणि १७ नंबर तसंच तिच्या नावाने बाजूला ठेवलं. हे चाललं ना? उघडलेलं पाकीट होतं.

तळ्यात_मळ्यात

चाललं. पाकीट उघडल्यावर ते तिचंच. दिवस बदलला, प्रकार नाही. प्रोजेक्टमध्ये मात्र लिही, लपवू नकोस. न आलेल्या दोघांचंही लिही.

मार्कांच्या त्या टेस्टबद्दल सरांना नम्रपणे विचार: वाटप चिठ्ठीने झालं हे आपल्याला ठाऊक आहे, मग जो काही फरक उरला असेल तो योगायोगानेच, हेही ठाऊक आहे. टेस्ट नेमकं काय विचारणार? मार्कांचा तक्ता नुसता छाप.

निवृत्त_मास्तर

सायली बेटा, तुझा हात थांबला, माझा थांबला नव्हता. ती ऊसतोडीची मुलगी मार्चमध्ये परत आली तेव्हा फळ्यावरची तारीख वाचत होती. ते ज्यादा तासामुळे की तिच्या मोठ्या भावामुळे, हे मला आता कोण सांगणार?

ताकभात

सगळं झालं, पण मुलांना गाणी कुठली ऐकवलीस ते सांगितलंच नाहीस.

सायली_मानस

लावण्या. पाच मुलांनी यादीतल्या शब्दांऐवजी लावणीतले शब्द लिहिले.